अण्णा तेच चित्र पुन्हा काढतात

सांगलीत माझं फ्रेमचं दुकान आहे. लोक फोटो टाकून जातात आणि जाता जाता त्याची गोष्टही सांगतात. फोटो पुढं घेऊन जातात, गोष्ट मात्र दुकानातच राहते. अशा किती साचल्यात, मोजदाद नाही. यंदा त्यात सगळ्यात जास्त भर घातली ती अण्णांनी.

अण्णा म्हणजे व्यंगचित्रकार. एके काळी पुण्याच्या एका मासिकात दर महिन्याला त्यांचं चित्र यायचं. खालची ओळ साताऱ्याच्या तात्यांची. अण्णांनी काढायचं, तात्यांनी बोलायचं, अशी जोडी. पुढं मासिक बंद पडलं आणि मूळ चित्रं तिकडंच गडप झाली. उरले ते घरातले पिवळे पडलेले अंक. आता गावात प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा अण्णा म्हणाले, सगळी पुन्हा काढतो, जशीच्या तशी. एकाच फ्रेममध्ये डावीकडं मासिकातलं कात्रण, उजवीकडं नवं चित्र.

जसंच्या तसं एकही आलं नाही.

*

पहिल्या फ्रेमा तयार झाल्या तेव्हा बघायला विमलवहिनी आल्या. विमलवहिनी म्हणजे अण्णांच्या मिसेस. जुन्या चित्रांतली बायको ढोलासारखी, कपाळावर आठ्या, हातात लाटणं. नव्या चित्रांत तीच बायको शेलाटी, केसांत गजरा, लाटणं गायब. वहिनींनी चष्मा पुसला, दोन्ही चित्रं नीट पाहिली आणि उजवीकडं बोट करून ही कोण म्हणून विचारलं.

"तूच की," अण्णा म्हणाले.

"मग तवा ती कोण हुती?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी काच पुसायला घेतली.

*

महाबळेश्वरचं चित्र तर सगळ्यात सोपं. नवं जोडपं पॉइंटवर उभं आहे, गाइड हात लांब करून सांगतोय, "हा समोर दिसतोय तो प्रतापगड." आणि चित्रात काय, तर नुसतं धुकं. म्हणजे कोरा चौकोन आणि कोपऱ्यात छत्रीचं एक टोक. माणसंसुद्धा दिसत नाहीत.

त्याला अण्णांनी आठवडा लावला. कागदावर कागद फाडले. शेवटी मी न राहवून म्हटलं, अहो, कोराच तर ठेवायचाय.

"तवा धुकं काढलं हुतं," अण्णा म्हणाले. "आता नुसता कागद दिसतोय."

मी दोन्ही शेजारी धरून बघितलं. काय सांगू, खरंच तसं होतं.

*

फौजी सुट्टीवर आलेला असतो, त्या चित्राची गंमत वेगळी. घरचे त्याला उसाच्या रानात जुंपतात. पाणी पाजून, सऱ्या पाडून बिचारा घामाघूम, आणि म्हणतो, "सुट्टी संपली की जरा आराम करीन." ओळ अर्थातच तात्यांची.

हे चित्र मी दुकानात टांगून ठेवलं होतं. एक रिटायर्ड सुभेदार मुलीच्या लग्नाचा फोटो द्यायला आले, ते त्याच्यापुढं उभे राहिले. आधी पोट धरून हसले. मग नव्या चित्रातल्या बांधावर बोट ठेवलं. जुन्या चित्रात बांधावर काळी पत्र्याची ट्रंक होती. नव्यात अण्णांनी चाकांची बॅग काढली होती. हल्ली सगळे तीच वापरतात, म्हणून.

"ट्रंकच पायजे," सुभेदार म्हणाले. "ट्रंकेचा आवाज लांबनं यायचा. आई आधीच दारात यून उभी ऱ्हायची. ह्या बॅगेचं काय, कवा आली न कवा गेली, कळतंय व्हय कुणाला?"

अण्णांनी ते चित्र परत नेलं. आता त्यात ट्रंक आहे. लांब दारात एक म्हातारी पण आहे. ती जुन्या चित्रात नव्हती.

*

अण्णा आणि तात्या भेटायचे ते उंब्रजला. एक साताऱ्याहून एसटीनं यायचा, एक सांगलीहून. हायवेवरच्या एका हॉटेलात चित्र टेबलावर पसरायचं, तात्या ओळी सुचवायचे, दोघं हसत बसायचे. पण दोघांचा खरा भरवसा हॉटेलच्या मालकावर. तो येऊन चित्राकडं, खाली लिहिलेल्या ओळीकडं बघायचा. हसला तर ओळ पक्की. नाही हसला तर तात्या खोडून दुसरी लिहायचे. कितीतरी वर्षं मासिकात काय छापायचं, ते त्या माणसानं ठरवलं म्हणा ना.

एकदा तात्यांनी त्याला कौतुकानं विचारलं, की गड्या, तुला नेमकी चांगली ओळ कशी रं कळती?

"आवं, मला कुठं वाचाय येतंय," तो म्हणाला. "तुमी दोघं खरं हसताय का उगं, तेवढं कळतंय."

अण्णा हा किस्सा सांगतात तेव्हा शेवटी त्यांना हसू येत नाही. हॉटेल आता नाही, रस्ता मोठा झाला त्यात गेलं.

*

शेवटी एकच चित्र राहिलं. एसटी स्टँडचं. बाकड्यावर दोघं मित्र गप्पा मारत बसलेत आणि मागून त्यांची गाडी निघून चाललीय. एक म्हणतो, "गाडी गेली वाटतं." दुसरा म्हणतो, "जाऊ दे. बोलणं तरी पुरं हुईल."

अण्णांनी नवं चित्र आणून दिलं, तर बाकड्यावर एकटाच माणूस. मधोमध बसलेला. मी विचारलं, तर म्हणाले, दुसरा हाताला येईना.

तात्यांना अलीकडं कुणाचीच ओळख राहिलेली नाही. अण्णा त्यांना भेटायला गेलेच नव्हते. मी म्हटलं, चला, मी गाडी काढतो. तेव्हा ते म्हणाले, "गेलो आन् त्यानं वळीखलं न्हाई, तर मग काय ऱ्हायलं?" तरी आले. साताऱ्यापर्यंत चित्र मांडीवर धरून बसले.

तात्या अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. सूनबाईंनी सांगितलं, सांगलीचे अण्णा आलेत. तात्यांनी हात जोडले. "या. तुमी कुठनं आला?"

अण्णांना तात्यांनी जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. चहा आला, तो निवला. मग काहीतरी करायचं म्हणून मी ते नवं चित्र तात्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी ते जवळ धरलं, लांब धरलं. बराच वेळ बघितलं. मग बाकड्यावरच्या माणसावर बोट टेकवून अण्णांकडं वळले.

"मधीच बसलाय बघ ह्यो. सरकाय सांग रं त्याला. मी कुठं बसू?"

अण्णांनी सूनबाईंकडं कोरा कागद मागितला.