मुलुंडच्या मांडवात राजाचा कप्तान

नाशिकहून निघताना माझ्या पिशवीत दोन धोतरं होती आणि डोक्यात वर्षानुवर्षं वाचून जमवलेला कप्तान दिएगो. शाळामास्तराला मुंबईच्या उपनगरातून व्याख्यानाचं बोलावणं यावं, या आनंदात कल्याणला गाडी कधी बदलली तेही कळलं नाही. मुलुंडला उतरलो. पूर्वेला उन्हात चमकणारी मिठागरं, पश्चिमेला डोंगर, मधे झाडीतले टुमदार बंगले. गाव बघताक्षणीच आवडलं.

टांगा मांडवापाशी आला आणि फलक दिसला: 'दक्षिण अमेरिकेचे स्वातंत्र्यवीर कप्तान दिएगो'. मी तो पुन्हा एकदा वाचला.

मंडळाचे चिटणीस सामंत स्वागताला उभे होते. मी म्हणालो, "अहो, दिएगो कसला स्वातंत्र्यवीर! तो स्पेनच्या राजाचा अधिकारी. स्वातंत्र्यवाल्यांविरुद्ध लढला."

"तुम्हीच कळवलंत ना, स्वातंत्र्ययुद्धातला अधिकारी म्हणून? मग आपल्याच बाजूचा असणार ना तो!" सामंतांनी कपाळाला हात लावला. "वाट लागली, मास्तर! पुढच्या रांगेत सगळे तुरुंगात जाऊन आलेले. अध्यक्ष अण्णा तर कितीतरी वर्षं आत होते."

स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. गोऱ्या सरकारची चाकरी केलेल्या माणसाचं नाव निघालं तरी लोक नाक मुरडायचे. आणि मी अशाच एकाची कहाणी घेऊन आलो होतो, तीही आपुलकीने लिहिलेली.

सामंत मला जेवायला घरी घेऊन गेले. त्यांचं घराणं मूळचं मालवणकडचं. त्यांच्या आईंनी गरम घावन (तांदळाच्या पिठाचे जाळीदार, आंबोळीसारखे) वाढले. मी ते नुसते चिवडत बसलो. "घाबरतास कित्याक? (घाबरता कशाला?) आधी जेवा," असं म्हणून त्यांनी आणखी दोन वाढले. सामंत मात्र हळूच म्हणाले, "मास्तर, आजच्यापुरता घ्या ना त्याला आपल्या बाजूला. मुलुंडात कोणाला कळतंय?"

खरं सांगतो, मांडवात पोचेपर्यंत मी तोच बेत करत होतो. पण गळ्यात हार पडला, समोर माणसं दिसली आणि वाटलं, ज्याने मरेपर्यंत बाजू बदलली नाही, त्याची बाजू मी एका संध्याकाळसाठी बदलायची? पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की फलक चुकलाय.

कुजबुज उठली. मी रेटून बोलत राहिलो. दिएगो जन्मला पेरूच्या डोंगरात. स्पेन त्याने डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पण राजाच्या नावाने शपथ घेतली, म्हणून आपल्याच गाववाल्यांशी लढला. शेवटी समुद्राकाठच्या किल्ल्यात अडकला. मदतीची जहाजं आलीच नाहीत. शिपाई उपाशी मरू नयेत म्हणून त्याने निशाण उतरवलं आणि स्पेन गाठलं, तर तिथे त्याला सगळे परका म्हणत. जन्मगावी गद्दार, राजाच्या गावी उपरा, असाच तो म्हातारा होऊन मेला.

मी खाली बसलो. एकही टाळी नाही. समारोपाला अण्णा उठले तेव्हा मी मांडवाची मागची वाट हेरून ठेवली होती.

"दिएगो हरला ते बरंच झालं," अण्णा म्हणाले. लोक हसले. "माझ्या कोठडीला रोज कडी घालणारा शिपाईही आपलाच, सिन्नरचा. मी सुटलो तेव्हा त्याने हात जोडले. मी तोंड फिरवलं. देश आपला झाला, पण त्या माणसाला आपलं म्हणायचं राहून गेलं."

एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या पडल्या त्या मग. मला इतकं हायसं वाटलं की मंडळाचा पाणचट चहाही गोड लागला. "झकास, मास्तर!" सामंत कानात म्हणाले. घाम मात्र ते अजून पुसत होते.

सकाळी फलाटावर बघतो तर अण्णा पिशवी घेऊन उभे. "मीही येतो नाशिकपर्यंत. तिथून सिन्नर."

"भेटल्यावर काय बोलणार?" मी गाडीत विचारलं.

"तेच तर सुचत नाहीये, मास्तर. आधी त्याने दार तर उघडू दे."

नाशिक रोडला त्यांना सिन्नरच्या एस.टी.त बसवलं आणि घरी आलो. पाण्याचा तांब्या हातात देत बायकोने विचारलं, "कसं झालं व्याख्यान?"

"पार पडलं एकदाचं," मी म्हणालो. दिएगोला आपल्या बाजूला ओढलं असतं, तर टाळ्या कदाचित जास्तच पडल्या असत्या. पण अण्णा सिन्नरच्या गाडीत बसले नसते.