अकरावा अध्याय आमच्या घरी आला

आमच्या गावात ख्रिस्ती झालेली घरं दोन ठिकाणी होती. महारवाड्यातली वरच्या अंगाला, मांगवाड्यातली ओढ्याच्या बाजूला. बाप्तिस्मा दोघांना एकाच पाद्र्यानं दिलेला, एकाच दिवशी, त्याच ओढ्यात. पण पाणी वाहून गेलं आणि जात अंगावर तशीच राहिली. आम्ही मांगवाड्यातले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे आणि आडपडदा ठेवून बोलायचा मला भारी कंटाळा.

राज्य निजामाचं होतं. रझाकारांची गडबड अजून लांब होती. कचेरीत उर्दू, मंठाळच्या बाजारात कन्नड, घरात मराठी, आणि शास्त्रही मराठीतलंच. अप्पा मी लहान असतानाच देवाघरी गेले. मायनं मला बीदरच्या मिशन बोर्डिंगात घातलं, तिथं चौथीपर्यंत शिकून मी परत आले होते. आमच्या वाड्यात छापलेलं वाचणारी मी एकटीच, आणि त्याचा मला तोरा काय विचारता! केसाला तेल लावून, पदर खोचून चालायची मी, जणू तालुकदाराचीच लेक.

दर बुधवारी दिवेलागणीला शास्त्राची बैठक व्हायची. मंडळीचे वडील, म्हणजे वरच्या वाड्यातले एक वयस्क गृहस्थ, ती चालवायचे. अध्याय क्रमानं घ्यायचा, एका बुधवारी एक. आवडीचा निवडायचा नाही आणि अडचणीचा टाळायचा नाही. वाचायच्या आधी ते एकेकाला विचारायचे, "मागल्या अध्यायाचं काय केलास?" तोंडपाठ म्हणून दाखवलं तर हात झटकायचे. "ते पोपटाला बी येतंय. केलास काय, ते सांग." म्हणून लोकांना काहीतरी करावंच लागायचं. एकानं शिंदी सोडली. एकानं भावाच्या रानात सरकवलेला बांध मागं घेतला आणि आठवडाभर बायकोची बोलणी खाल्ली.

आमच्या मायचं तर सांगूच नका. तिच्या शिव्यांना गावात तोड नव्हती. ओढ्यावर तिचं भांडण लागलं की बाया धुणं थांबवून ऐकायच्या. भावाला मूर्ख म्हणणाराही देवापुढं जाब देईल, तो अध्याय झाला आणि मायनं शिव्या सोडल्या. राग आला की दात आवळून उभी राहायची, नाकपुड्या फुगायच्या, कपाळाची शीर उडायची, पण तोंडातून अक्षर नाही. बाया हळहळल्या, "बाईचं सोनं झालं, पर ओढ्यावरची करमणूक गेली!" मायला वाचता येत नव्हतं. दळताना मी तिला कालचा अध्याय पुन्हा वाचून दाखवायची, आणि ती जातं थांबवून मला असं काही विचारायची की मला चिडायला व्हायचं. "मंग त्यानं त्या माणसाला घरात घेतलं का न्हाई, ते नीट सांग की." तिला नेहमी तेवढंच हवं असायचं: घरात घेतलं का नाही.

बैठक घरोघरी फिरायची. ज्या घरी बैठक, त्या घरची बाई हरभऱ्याच्या घुगऱ्या करायची. पाळी वरच्या वाड्यातून शेवटच्या घरापर्यंत यायची आणि तिथून परत पहिल्या घराकडं वळायची. ओढ्याकडं कधी उतरायची नाही. आम्ही जायचो, दाराजवळ बसायचो, आमचं गोणपाट आम्ही न्यायचो, पाण्याचा तांब्याही आमचा आम्ही न्यायचो. आणा असं कुणी सांगितलं नव्हतं. वाटेत तो तांब्या मी पदराखाली झाकायची. बीदरला सगळ्या मुली एका हौदाचं पाणी प्यायच्या. इथं बगलेत तांब्या घेऊन देवाचं वचन ऐकायला जाताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मायला एकच ओढ लागली होती. बैठक एकदा आपल्या घरी व्हावी. "येशू आपल्या घरी येईल तवा येईल," ती म्हणायची, "पर त्याची माणसं तरी एकदा येऊ दे की."

मग येशूच्या शिष्यांच्या कामांच्या पुस्तकातला दहावा अध्याय आला. त्यात येशूचा तो मासे धरणारा शिष्य गच्चीवर भुकेला बसलेला असतो. आभाळातून एक चादर उतरते, तिच्यात न खाण्याची जनावरं, आणि आवाज येतो की देवानं जे शुद्ध केलं त्याला तू विटाळ म्हणू नकोस. मग तो परजातीच्या शिपायाच्या घरी जातो. त्याच्या पुढल्या बुधवारी वडलांनी नेमानं विचारलं, "मागल्या अध्यायाचं काय केलास?" पाळी मायवर आली. ती उठून म्हणाली, "मी काय करू, अण्णा? माझ्या घरी कुणी आलं तर करीन."

 वडलांनी खाली बघितलं. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "आजचा अध्याय तुझ्याच घरी वाचू. उद्या येतो." बुधवारची बैठक पहिल्यांदाच गुरुवारी ढकलली गेली.

मायनं घर शेणानं सारवलं, भिंतींना चुना दिला, नवीन मडकं आणलं, कुणी नाव ठेवायला नको म्हणून. हरभरे भिजवताना ती गुणगुणत होती. मी म्हटलं, "एवढं कामून नाचायलीस?" तर हसली नुसती.

ते आले. वाकून आत आले, मायनं मागून आणलेल्या सतरंजीवर बसले. वडलांनी शास्त्र उघडलं. क्रमानं अकरावा अध्याय होता, निवडलेला नव्हता. तो शिष्य परत येतो आणि त्याचीच माणसं त्याला धरतात: तू त्यांच्या घरात गेलास, आणि त्यांच्या पंगतीला जेवलास! इथं वडील थांबले. खाकरले, पुढं वाचलं, प्रार्थना झाली, आणि माय घुगऱ्यांचं मडकं घेऊन पुढं आली.

"आज माझा उपास हाय, बाई," वडील म्हणाले.

"माझा बी," शेजारचा म्हणाला. मग त्याच्या शेजारचा. उपास अगदी ओळीनं आला. वडलांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे, म्हातारी, गुडघ्यांनी अधू, तिनंही मान खाली घालून सांगितलं, "मी बी धरलाय गं." एका लहान पोरीनं हात पुढं केला, तो तिच्या आईनं धरून मागं घेतला. अगं बाई! देवाच्या नावानं, देवाचंच वचन वाचून तोंड पुसायच्या आत! माय मडकं धरून मधोमध उभी होती. ठेवावं की परत न्यावं तिला कळेना. मला त्यांची लाज वाटली नाही. मला मायची वाटली, सारवलेल्या भुईची वाटली, आणि त्या वाफाळत्या मडक्याची तर इतकी की ते फुटलं तर बरं असं झालं. ते गेल्यावर मायनं सतरंजी झटकली, घडी केली, आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्कलीण आली.

दक्कल म्हणजे कोण, ते सांगते. फिरस्ते लोक. गावोगाव हिंडून ते फक्त आमच्या जातीच्या पिढ्या गातात, आमच्या बापजाद्यांची नावं आम्हाला ऐकवतात, आणि आमच्याकडंच मागून खातात. जग आम्हाला शिवत नव्हतं आणि आम्ही दक्कलांना शिवत नव्हतो. आमच्या वाड्यात पाऊल टाकायची त्यांना मुभा नाही. ते हद्दीवर, चिंचेखाली, ओरडून मागायचे.

माय रात्रीच्या घुगऱ्या घेऊन चिंचेकडं गेली. मी मागं होते. मनात म्हणत होते, संपू देत एकदाच्या, डोळ्यांसमोरून जाऊ देत. बाईनं पदर पसरला. मायनं नेहमीसारखा हात उंच केला, लागू नये म्हणून, आणि वरून घुगऱ्या सोडल्या. निम्म्या पदरात, निम्म्या मातीत. बाई वाकून मातीतले दाणे वेचायला लागली, फुंकून फुंकून पदरात टाकायला लागली.

मायचा हात तसाच वर राहिला. मग ती तिथंच फतकल मारून बसली. मला वाटलं चक्कर आली. "माय, काय झालं?"

"अगं, मीच की गं ती," माय म्हणाली. "मीच." आणि रडायला लागली.

मला खरंच कळलं नाही. वाचणारी मी, आणि मला कळलं नाही! मायनं डोळे पुसून त्या बाईला विचारलं, "आमच्याकडं शास्त्र वाचत्यात. येशील का? घरात?"

ती बाई दोन पावलं मागं सरली. "बाई, गरिबाची चेष्टा कामून करायलीस?"

पुढच्या बुधवारी वरच्या वाड्यात बैठक होती. मी तोवर रोज मायला पढवत होते. "विचारलं की सांग. सगळ्यांसमोर सांग. म्हणावं, तुमचा उपास बघितला देवानं." मला भांडण हवं होतं. वडलांनी विचारलं, "मागल्या अध्यायाचं काय केलास?" आवाज अगदी बारीक होता त्यांचा. माय उठली. मी मान ताठ केली.

"म्या दक्कलणीला घुगऱ्या वरून टाकल्या," माय म्हणाली. "कुत्र्याला टाकावं तशा. तिनं मातीतनं वेचून घेतल्या. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशी मी रातभर तुमचं बघत बसले होते. माझं मला सकाळी दिसलं. एवढंच केलं म्या."

आणि बसली. उपासाचं नाव नाही, एक शब्द नाही. माझे कान तापले. वरच्या वाड्यात, त्यांच्या पडवीत, त्यांच्याच तोंडावर आमच्या घरची घाण चव्हाट्यावर आणली हिनं! त्यांनी मान खाली घालायची तर घालायची आम्ही? मी दातओठ खात बसले. पण माना त्यांच्याही खाली होत्या. वडलांना त्या दिवशी वाचता आलं नाही. शास्त्र मिटून म्हणाले, "पुढल्या बुधवारी बैठक ओढ्याकडं, बाईच्या घरी. उपास न्हाई."

"या की," माय म्हणाली. "पर तिला बी बोलावलंय. तिच्या पंगतीला बसणार असाल तर या."

ते सोपं नव्हतं. माय चिंचेखाली जाऊन त्या बाईला बुधवारचं सांगून आली. वरच्या वाड्यात आठवडाभर बोलणं चाललं आणि आमच्या वाड्यात त्याहून जास्त. ज्या बायांना वरच्यांच्या उपासाचा राग आला होता, त्याच म्हणाल्या, "दक्कलणीच्या पंगतीला? इश्श! काही बी काय?" मला मनातून बरंच वाटलं. कुणीच येऊ नये आणि हे सगळं मोडावं, असं मी चक्क देवाकडं मागत होते.

बुधवारी एकटी अक्का आली. काठी टेकत, शास्त्र काखेत धरून. "ह्यांनी वाचायला दिलंय," म्हणाली, "ते न्हाई आले. पोरगी वाचंल." आमच्या वाड्यातलं कुणी नाही. माय, मी आणि अक्का. मी बारावा अध्याय काढला. तेवढ्यात बाहेर खोकल्याचा आवाज झाला. दाराबाहेर, अंगणाच्याही पलीकडं, ती बाई उभी होती. अंग धुऊन आली होती, केस ओलेच होते. वाड्यातल्या दारादारांतून बाया तिच्याकडं बघत होत्या.

"जा," माय मला म्हणाली, "हात धरून आण. एकटी यायची न्हाई ती."

मी गेले. उंबरा ओलांडला, तिच्यासमोर उभी राहिले. "या," म्हणाले. ती हलली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात थोडा पुढं केला. काय सांगू, मला सगळं ठाऊक होतं. दहावा अध्याय पाठ होता, अकरावा पाठ होता. पण माझा हात काही उठेना. मी पदराचं टोक चुरगाळत उभी राहिले, आणि तिचा हात हळूच खाली गेला.

मागून काठीचा आवाज आला. अक्का मला बाजूला सारून पुढं गेली, तिनं त्या बाईचं मनगट धरलं, आणि दोघी एकमेकींच्या आधारानं उंबरा चढल्या. मी त्यांच्या मागून आत आले, माझ्याच घरात.

मायनं तिला मधोमध बसवलं. एकाच परातीत घुगऱ्या ठेवल्या. अक्कानं पहिला घास घेतला. ती बाई खायच्या आधी शास्त्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माझं काम कुळं सांगायचं. सगळ्यांची सांगते, आमची कुणी सांगत न्हाई. तुमच्या ह्या पोथीत आमच्या कुळाचं काही हाय का?"

माय माझ्याकडं बघायला लागली. अक्काही. वाचता येणारी तिथं मी एकटीच होते.

"हाय," मी म्हणाले.

"व्हय का?" ती म्हणाली. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या हाताकडं बघत होती.