सासऱ्याच्या तोंडाला फेस

बढाई मारू नये असं माझ्या माहेरी शिकवलं होतं. बाकी कशाची मी मारतही नाही. माझी पुरणपोळी फुटते, रांगोळीत मोर काढायला गेले तर कोंबडी होते, हे मी कुणालाही सांगते. पण दाढीच्या साबणाचा फेस माझ्यासारखा अख्ख्या निपाणीत कुणी काढत नव्हतं, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही.

बाईमाणसाचा दाढीशी काय संबंध, असं विचाराल. संबंध माझ्या सासऱ्यांमुळं आला.

मी वडगावच्या विणकराची लेक. लग्न होऊन निपाणीला आले ते दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी बेळगावच्या कॅम्पात साहेबलोकांच्या कोठीवर झाली होती. तिथून ते पेन्शन घेऊन आले आणि रोजच्या रोज आपल्या हातानं दाढी करायची सवयही. गल्लीतले बाकीचे पुरुष आठवड्यातून एकदा न्हाव्यापुढं बसत, आणि तो गालाला नुसतं पाणी चोळून वस्तरा फिरवी. आमच्या मामंजींचा थाट निराळा. खिडकीत आरसा, गोल साबणाची वडी, ब्रश, पितळी वाटी, सगळं रोज सकाळी पूजेसारखं मांडलेलं असे.

मी आले त्याच साली ते बैलगाडीतून उतरताना पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बसवलं, पण ते आखडलेलंच राहिलं. वस्तरा धरून हळूहळू खाली ओढता येई, पण ब्रश गरगर फिरवता येईना. माझे मालक उजाडताच तंबाखूच्या वखारीत जात. राहिल्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणे. त्यांनी काढलेला फेस ताकाच्या निवळीसारखा मामंजींच्या गळ्यावर ओघळायचा. मग वस्तरा लागायचा, मामंजी हनुवटीला तुरटी फिरवत बसायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. शेवटी एक दिवस आत्याबाईंनी वाटी माझ्यापुढं आदळली.

"तूच बघ गं आता. माझ्या तोंडाला फेस आला, पर ह्यांच्या तोंडाला काय येत न्हाय!"

तेव्हा सून सासऱ्यासमोर येत नसे. मामंजी माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर "आत सांगा" म्हणत, आणि आत म्हणजे मी. त्यामुळं ठरलं असं, की मी माजघरात फेस काढायचा, वाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि आत्याबाईंनी बाहेर न्यायची.

पहिल्या दिवशी माझीही फजितीच झाली. साबण फाटला. पाण्यावर मळकट कण तरंगायला लागले आणि बुडबुडे येतायत तोवर विरायला लागले. आत्याबाई साबणाला शिव्या देत होत्या. मला मात्र पाण्याची शंका आली. परसातल्या विहिरीचं पाणी जड होतं, त्यात डाळ शिजत नसे. डाळीसाठी आम्ही गावाबाहेरच्या विहिरीवरून गोड्या पाण्याची घागर आणायचो. दुसऱ्या दिवशी मी त्यातलं तांब्याभर घेऊन कोमट केलं.

"डाळीचं पाणी दाढीला?" आत्याबाई ओरडल्या. "तुझ्या सासऱ्याची दाढी काय शिजवायची हाय व्हय?"

मी ब्रश त्या पाण्यात भिजवला आणि पिळून नुसता ओलसर ठेवला. वडीवर तो फिरवत राहिले, दाट सायीसारखा साबण ब्रशला धरेपर्यंत. मग वाटीत घुसळायला लागले आणि पाणी घातलं ते बोटाच्या टोकानं, थेंबाथेंबानं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण माझ्या हाताला ठाऊक होतं. माहेरी गल्लीत ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, पसरला, की सुताला पिठाची खळ द्यावी लागे. खळीत पाणी भसकन ओतलं की गुठळ्या होतात, आणि कुंचा दाबून फिरवला की सूत तुटतं. मनगट सैल ठेवून कुंचा चालवायचा. पोरीच्या हातात कुंचा कशाला, असं लोक म्हणत. आमचे आप्पा म्हणत, "तिचा हात हलका हाय, तुमच्या पोटात का दुखतंय?"

पहिल्यांदा मोठे बुडबुडे येतात. अडाणी माणूस तिथंच खूश होऊन थांबतो. बुडबुडे म्हणजे फेस नव्हे. ते मोडून मोडून बारीक होईपर्यंत फिरवायचं, मग एकही बुडबुडा दिसेनासा होतो आणि त्यावर लोण्याची चकाकी येते. ब्रश उचलला की मागं शेंडी उभी राहते. ती उभी राहिली आणि मी वाटी उंबऱ्यावर ठेवली.

आत्याबाई ती बाहेर घेऊन गेल्या. मग वस्तऱ्याची खरखर ऐकू आली, सावकाश, न अडखळता. त्या दिवशी तुरटी डबीतच राहिली. मामंजी जेवताना आत्याबाईंना म्हणाले, "आत सांगा, साहेबाच्या बटलरलाबी असलं जमत न्हवतं." मला तर त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

आता आत्याबाईंचा स्वभाव असा, की घरात ओरडतील आणि पाणवठ्यावर मिरवतील. विहिरीवर त्या बायकांना सांगायला लागल्या, "आमची सून म्हंजे सून! रोज सासऱ्याच्या तोंडाला फेस आणती!" बायका हसून लोटपोट व्हायच्या. बघता बघता ती गल्लीची थट्टाच झाली. मी घागर घेऊन निघाले की कुणी तरी विचारायचंच, "काय गं, आणलास का आज फेस?"

माझ्या माहेरच्या गल्लीतला एक कानडी साडीवाला गठुडं घेऊन निपाणीला यायचा. शेजारणीनं साडीचा भाव पाडता पाडता त्यालाही ही थट्टा ऐकवली. तो बिचारा हसला नाही. वडगावला जाऊन त्यानं आप्पांना आपल्या कानडीत सांगितलं, की तुमची लेक सासऱ्याला छळून छळून बेजार करते आहे, सगळी गल्ली बोलते. कानडीत जाताना गंमत वाटेत गळून पडली आणि नुसता आरोप पोचला.

आणि आप्पा आले. मागावरची अर्धी साडी तशीच सोडून आले. आमच्याकडं साडी अर्धी टाकून कुणी मयताशिवाय उठत नसे, म्हणजे बघा. आठवड्याची दाढी वाढलेली, काखेत भाकरीचं गाठोडं. गाठोड्याचं मला नवल वाटलं नाही. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नसे, शिदोरी घेऊनच येई. पण गाठोडं एका माणसाच्या मानानं मोठं होतं.

बाहेरच्या सोप्यावर येऊन आप्पांनी मामंजींपुढं हात जोडले. मी दाराआड होते.

"पावणं, पोरीचं काय चुकलं असंल तर ते माझ्या पदरात घाला. तुमच्या तोंडाला फेस आणला म्हणं तिनं. मी न्हेतो तिला."

माघारी नेलेल्या लेकीला तेव्हा गावात तोंड दाखवायला जागा नसे, आणि तिच्या बापाला तर त्याहून नसे. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. बोलणं कुठून सुरू झालं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

मामंजी हसले नाहीत. ते संतापले.

"कोण म्हंतंय? माझ्या सुनंला नावं ठेवणारं कोण?" आणि मग त्यांनी आत बघून, आयुष्यात पहिल्यांदा, मला हाक मारली. "सूनबाई, वाटी घिऊन भाईर ये."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर आले. दोन्ही बापांपुढं खाली बसले. शेजारणी कुंपणाशी गोळा झाल्या होत्या. मनात आलं, आज जर बुडबुडे आले तर मी या आप्पांची लेकच नव्हे. मनगट सैल सोडलं आणि फिरवत राहिले. शेंडी उभी राहिली. मामंजींनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि आपल्या परीटघडीच्या धोतरावर पालथी धरली. एक थेंब पडला नाही.

"ह्यो बघा फेस," ते आप्पांना म्हणाले. "आता समजलं? बसा. सूनबाई, आज पावण्याच्या तोंडाला आण."

मी माझ्या बापाच्या गालाला फेस लावला. त्यांच्या गालाला साबण कधी लागलाच नव्हता. ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, मनगटाकडं बघत होते. "खळ अशीच देत हुती," ते मामंजींना म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका ताठ झाला की मला रडू आलं.

मामंजींनी त्या आखडलेल्या हातात वस्तरा घेतला. आत्याबाई घाबरून म्हणाल्या, "अवो, पावण्याचा गळा हाय त्यो!"

आप्पांनी मान वर केली. "फिरवा तुम्ही. माझ्या लेकीचा फेस हाय, भ्या कशाचं?"

वस्तरा सावकाश फिरला. रक्ताचा टिपूस आला नाही.

दाढी झाल्यावर आप्पांनी गाठोडं सोडलं. भाकरी, वांग्याची भाजी आणि एका पानात जवसाची चटणी. आप्पा जवसाला कधी शिवत नसत. ती चटणी आईनं माझ्यासाठी दिली होती, माघारी जाताना वाटेत खायला. आम्ही दोघं बापलेक ती बघत राहिलो. मग आप्पांनी त्या पानावर एक भाकरी ठेवली आणि ते मामंजींच्या पुढं सरकवलं.

"पावणं, घ्या. जास्तीची हाय."

माझ्या वाटणीची भाकरी त्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी खाल्ली.