शपथेनंतरचे बार

एकाहत्तरच्या लढाईहून परतल्यापासून माझे चुलते दारू पीत. आमच्या दारूबंदी मंडळानं त्यांना वेल्ह्यात देवळापुढं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. त्यांनी ती मनापासून घेतली. आणि आम्ही शहाण्यांनी आनंदानं उखळीचे बार काढले! पहिल्याच दणक्याला चुलते बैलगाडीखाली पालथे पडले, कान दाबून थरथरत राहिले. लोक खो खो हसले. "सुभेदार, पाकिस्तान आलं का हितं?"

चुलती कडाडली, "आवाज झाला की त्यांना पलटणीतली मेलेली पोरं दिसत्यात. म्हून पित्यात. तुमी इचारलं कधी?"

नव्हतं विचारलं. मी फक्त पत्रकं वाटली होती.

संध्याकाळी चुलते गुत्त्यावर गेले. मंडळ म्हणालं, शपथ मोडली, वाळीत टाका. मी म्हणालो, "मग आधी आपल्याला टाका!"