आनंदीकाकी गप्प राहिली

आनंदीकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. फळ्यावरचं अर्धं वाक्य पूर्ण केलं, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि व्हरांड्यात जाऊन रडले. त्याला आता महिना होत आला. देवबागात तिचं नाव निघालं की लोक अजून म्हणतात, बाई चांगली, पण मास्तरणीच्या सायलीचं दुखणं काही तिला ओळखता आलं नाही. हे साफ खोटं आहे. अकरा वर्षं ते मी चालू दिलं, आणि माझ्या मुलीलाही तेच खरं वाटतं.

सकाळी मासळी विकून झाली की काकी वाडीतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायची. नव्व्याण्णव साली सायली झाली, तेव्हाही तीच यायची. सायली अडीच महिन्यांची असताना एके दिवशी तिची टाळू भरता भरता काकीचा हात थांबला. "बाय, टाळू वर इली हा गो. तेल घातलंय तर रवणा नाय, कानाकडे ओघळता. आठ दिस बघतंय मी. डाक्टराक दाखव." सासूबाई मात्र सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या, डोकं मोठं, म्हणजे पोर हुशार निघणार. मलाही तेच ऐकायचं होतं. मी बीएड झालेली, आणि एक मासे विकणारी बाई मला माझ्या मुलीत खोट दाखवते? मी मुद्दाम पुस्तकी मराठीत म्हणाले, "काकी, तुमचं काम आंघोळ घालायचं. उद्यापासून येऊ नका." घरात सांगितलं, काकीचे हात खरखरीत आहेत, बाळाला रुततात. नवरा बोटीवर, सासूबाई देवळात. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक.

तीन आठवडे गेले. मग सायलीला उलट्या सुरू झाल्या, बुबुळं खाली झुकली. गोव्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं : मेंदूतलं पाणी साचतंय, त्याला वाट नाही, कातडीखालून एक बारीक नळी डोक्यातून पोटापर्यंत न्यायची, चिरा अगदी लहान, पोटातलं टोक दुर्बिणीने बघून सोडायचं. ऑपरेशन छान झालं. पोटावरचा व्रण तर तांदळाच्या दाण्याएवढा. पण नजर गेली होती. उजेड आणि सावली, एवढंच उरलं. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "आधी कुणाच्या लक्षात नाही आलं?" मी म्हणाले, "नाही."

घरी आलो, तशी काकी बघायला आली. सासूबाईंनी तिला उंबऱ्यातच गाठलं. "आनंदी, दोन म्हयने तुझ्या हाताखाली होता चेडू. तुका कसा कळाक नाय?" काकीने माझ्याकडे बघितलं. मी पाळण्याची दोरी धरून उभी... ती म्हणाली, "नाय गो वैनी. माका कळाक नाय."

त्यानंतर वाडीत कुणी तिला बाळाला हात लावू दिला नाही. बाळंतिणीच्या घरावरून जाताना ती पाटी घेऊन पलीकडच्या कडेने जायची. हे मी रोज बघत होते. आमच्याकडे मात्र यायची. बांगडा कुठला, सौंदाळा कुठला, हे सायलीला तिनेच बोटांनी ओळखायला शिकवलं. गेल्या वर्षी पडवीत मासे चाचपताना सायलीने सहज विचारलं, "आजी, तुका तेव्हा कळला असता तर माका दिसला असता ना?" मी चहा घेऊन दारात होते. काकी म्हणाली, "व्हय गो बाय. माझाच चुकला."

मी चहा ठेवला आणि आत गेले. इतकी भेकड मी.

शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून म्हणाले, "काकी, मी सायलीक सगळा सांगतंय." तिने मान हलवली. "नको. चेडवाक आवस व्हयी. माझा काय, मी चल्लंय." पोरीला आई हवी, म्हणून मी सांगायचं नाही. तेही मी ऐकलं. सोयीचं होतं ना.

पण तिच्या बाराव्याला दोन बायका तिच्याच ओसरीवर बसून पुन्हा तेच बोलल्या, आणि सायलीने मान डोलावली. त्या दिवशी घरी येऊन वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हा लेख लिहायला घेतला.

सायलीला छापलेलं वाचता येत नाही. रविवारची पुरवणी मीच तिला वाचून दाखवते. ती पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसेल, "आई, आज काय आलंय?" विचारेल, आणि मला हे सगळं पहिल्या ओळीपासून, माझ्याच आवाजात, वाचावं लागेल.