पेशीच्या पोटात पाहायला शिकवणाऱ्या खरात मॅडम

डॉ. कुमुद खरात मॅडमशी माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. आपल्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात मी विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकायला आलो, त्याच आठवड्यात रक्त तपासणाऱ्या यंत्राचा आकडा पाहून एका अहवालावर ‘मोनोसाइट वाढलेल्या’ असं लिहून मोकळा झालो. मॅडमनी विचारलं, “काच पाहिलीस?” रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली ती काच मी पाहिलीच नव्हती. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. घेवड्याच्या दाण्यासारखं केंद्रक असलेली मोनोसाइट ही मोठी पांढरी पेशी दाखवत त्या भरभरून बोलू लागल्या. ही रक्तात थोडाच काळ फिरते, मग बाहेर पडून ऊतींमध्ये मॅक्रोफेज होते, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळते, जंतूंचे तुकडे इतर पेशींना दाखवून त्यांना सावध करते. हे सगळं मी वाचलं होतं. पाहिलं मात्र त्या दिवशी!

पुढच्याच वर्षी पिशोर गावची एक दहा वर्षांची मुलगी दाखल झाली. तीन आठवडे ताप, रक्तातल्या पेशी रोज घटत चाललेल्या. सर्वांना कर्करोगाची शंका होती. तिच्या अस्थिमज्जेची काच मी रंगवून तपासली, कर्करोग दिसला नाही, तसं लिहून सुटकेचा श्वास टाकला. मॅडमनी तीच काच पुन्हा लावली आणि कडेपासून कडेपर्यंत तपासली. मग मला बोलावलं. मॅक्रोफेजच्या पोटात धडधाकट तांबड्या पेशी होत्या, एक नव्हे, अनेक. जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्या मुलीचंच रक्त खात होत्या!

मॅडम स्वतः वॉर्डात गेल्या. तापातल्या मुलीला प्रतिकारशक्ती आवरणारं औषध द्यायला तिथले डॉक्टर कचरत होते. त्यांना विभागात आणून मॅडमनी काच दाखवली. इतर तपासण्यांनीही तेच सांगितलं. त्याच दिवशी औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ताप उतरला.

मुलीच्या वडिलांना मॅडमनी त्यांच्याच बोलीत समजावलं, “राखण करणाऱ्या पेशी बिथरल्या व्हत्या, दादा. जंतूसंगं लेकीचं रक्तबी खाऊ लागल्या.”

“मंग आता थांबल्या का?” त्यांनी विचारलं.

“थांबल्या,” मॅडम म्हणाल्या.

ती मुलगी आज परिचारिकेचं शिक्षण घेते आहे.

माझ्या नजरेतून काय सुटलं होतं, त्याचा मॅडमनी विभागाच्या बैठकीत उल्लेखही केला नाही. मी काच नीट रंगवली होती म्हणून निदान झालं, असंच त्यांनी सर्वांना सांगितलं. त्या दिवसापासून मी एकही काच घाईत पाहिलेली नाही.

मॅडमनी पंचाहत्तरी गाठली आहे. निवृत्तीनंतरही त्या दर गुरुवारी नव्या विद्यार्थ्यांसोबत बसतात, आणि एखादी वेगळी पेशी दिसली की सर्वांत आधी त्याच खुर्ची पुढे ओढतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि दर गुरुवारी त्यांना काहीतरी नवं दिसत राहो.