क्लाइव्हच्या पट्ट्याची आकडी

हेझल बफ्टन येताना दिसली की छावणीतली माणसं मनगटावरची घड्याळं काढून खिशात टाकायची. कुणी चष्मा लपवी, कुणी बुटांवर पेंढा ओढून घेई. दर उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी गावाबाहेरच्या कुरणावर पाचशे वर्षांपूर्वीची लढाई हौसेखातर पुन्हा लढली जायची, आणि आपल्या पथकातल्या प्रत्येकाचे कपडे, जोडे, हत्यारं त्या काळाला धरून आहेत ना, हे बघायचं काम हेझलकडे होतं. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे चेचायचे आणि सुटीच्या दिवशी मोठमोठ्या बाप्यांना ‘हे चालणार नाही’ म्हणून सांगायचं. लोकांचे रुसवे झेलून ती विटली होती.

त्यातच एका संध्याकाळी क्लाइव्ह गिटिन्स तिच्या घरी आला. हा निवृत्त बसचालक पथकातला सगळ्यात जुना गडी. हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं मिटलेलीच राहिली. अंग उतरल्यामुळे त्याचा जुना पट्टा आता कमरेवरून घसरत होता, म्हणून हेझलने तलवारीसाठी नवा पट्टा कापून शिवून ठेवला होता. राहिलं होतं ते धातूचं काम.

तिने टेबलावर बक्कलं ओतली. पितळेची, लोखंडाची, कथलाची. क्लाइव्हने एकेक उचलून डाव्या हाताने लावून बघितलं. पट्टा कड्यातून ओढला की काटा निसटायचा, काटा धरला की पट्टा निसटायचा. चहा गार झाला. हेझलचे पाय दिवसभर उभं राहून ठणकत होते.

“क्लाइव्ह, ऐक. वरून पितळेचं बक्कल नुसतं शोभेला लावते. आतून वेल्क्रोची चिकटपट्टी.”

क्लाइव्हने हातातलं बक्कल खाली ठेवलं. “काय म्हणालीस?”

“कुणाला दिसणार आहे?”

“अगं, एका प्लास्टिकच्या बटणापायी तू माझ्या मेव्हण्याला भर पावसात घरी धाडलं होतंस! अजून नाव घेतलं तुझं की दात खातो तो. आणि मला वेल्क्रो? एवढी कीव नको करूस बाई.”

“कीव नाही रे. दमलेय मी.”

“मग दोघंही दमलोय. दुसरं काढ काहीतरी.”

हेझल कुरकुरत उठली आणि कपाटाच्या तळातून एक जड आकडी घेऊन आली. काशाची, जुन्या नमुन्यावरून ओतलेली. एका टोकाला हूक, दुसऱ्या टोकाला फट. काट्याची भानगड नाही. क्लाइव्हने पट्ट्याचं एक टोक टेबलाच्या कडेला पोटाने दाबून धरलं, दुसरं डाव्या हाताने पुढे आणलं. हूक दोनदा घसरला, मग अडकला.

“ही!” तो म्हणाला.

“ही श्रीमंतांच्या पट्ट्याला असायची. तू साधा शिपाई. नियमाने बघायचं तर...”

“मेलेल्या सरदाराची लुटली मी.”

हेझलने डोळे चोळले. पथकातला कुणीही हे म्हणाला असता, तर तिने त्याला उभा सोलला असता. “लुटलीस तर लुटलीस,” ती म्हणाली. “पण टोकाला साधी पितळेची पट्टी, आणि तलवारीच्या कड्या लोखंडाच्या. वर शोभेची चांदणी-फुली एकही मिळणार नाही.”

“नकोतच. तेवढंच वजन कमी.”

तिने कानस घेऊन हुकाचं टोक जरा वळतं केलं आणि आकडी रिवेट ठोकून बसवून दिली.

लढाईच्या दिवशी ऊन कडक होतं. नगारा वाजला, पथक रांगेत उभं राहिलं. क्लाइव्ह तंबूच्या एका खांबाला पोट टेकून पट्ट्याशी झगडत होता. डाव्या हाताने उपसायची म्हणून तलवार आता उजव्या कमरेला, तिच्या वजनाने पट्टा सारखा खाली यायचा.

“देते मी लावून,” पाण्याची बादली घेऊन निघालेली हेझल म्हणाली.

“हात लावशील तर बघ!”

ती बादली खाली ठेवून हाताची घडी घालून उभी राहिली. पट्टा पडला, त्याने वाकून उचलला. पुन्हा पडला. तिकडे रांगा भिडल्या, आरोळ्या उठल्या. शेवटी खट् आवाज झाला. घामाने निथळत क्लाइव्ह मैदानात निघाला, तेव्हा त्याचं सगळं पथक हरून नदीकडे पळत सुटलं होतं. त्या पळणाऱ्यांमधून तो एकटा पुढे चालत गेला.

शत्रूकडचा एक धिप्पाड गडी त्याच्यासमोर थबकला. “आत्ता येतोयस होय? आम्ही जिंकलो की!”

“पट्टा लावत होतो. मार आता लवकर, पाय दुखतायत.”

त्या गड्याने आपली तलवार क्लाइव्हच्या खांद्याला हलकेच टेकवली. क्लाइव्ह एक गुडघा, मग दुसरा टेकत, गवतावर आडवा होऊन हिशेबाने मेला.

प्रेक्षक पांगू लागले तशी हेझल बादली घेऊन त्याच्यापाशी गेली. उठवायला हात पुढे केला, तर तो डोळे न उघडताच म्हणाला, “राहू दे गं. बरं वाटतंय.”

तिने इकडे तिकडे पाहिलं. कोणी चष्मा घालून हिंडत होता, कोणी फोनवर बोलत होता. ती त्याच्या शेजारी गवतात बसली आणि पायातले जोडे काढले.